जुन्या भावाची लोकर

९ जानेवारी

घाईबाईस,

वर काय लिहावं यातच पहिला कागद फुकट गेला. ‘चि. सौ.’ लिहायला आता कायद्याची अडचण आहे, आणि नुसतं नाव लिहिलं तर थकलेल्या विजेच्या बिलाची आठवण करून दिल्यासारखं वाटत होतं. म्हणून मग घरातलंच नाव लिहिलं. ते मी ठेवलेलं आहे, तेव्हा त्यावर माझा हक्क आहे. तुम्ही दोघांनी कुठल्या कागदावर सह्या केल्यात म्हणून तो जात नाही.

मागच्या वेळी फोनवर तू मला ‘काकू’ म्हणालीस. फोन ठेवला आणि दूध उतू गेलं. त्याचा आणि तुझ्या ‘काकू’चा काही संबंध नाही, पण गेलं खरं.

तर मुद्द्यावर येते. एक प्रश्न पडलाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला विचारण्यात अर्थ नाही. बटणवाले काका आठवतात ना? तळमजल्यावरचं ते अरुंद दुकान, एका भिंतीला लोकर, दुसऱ्या भिंतीला बटणांचे डबे आणि मधे खुर्चीत काका. आजही त्या दुकानात एकाही वस्तूवर किंमत लिहिलेली नाही. काका वस्तूकडे बघतात, तुमच्याकडे बघतात आणि भाव सांगतात. कामावरच्या ताई तेवढे पैसे घेतात आणि गल्ल्यात टाकतात. काकांची मुलगी संध्याकाळी येऊन गल्ला मोजते. एवढाच कारभार.

परवा मी लोकर आणायला गेले होते. कुणासाठी ते विचारू नकोस. माझ्या पुढे एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी तीच लोकर घेतली, तोच राखाडी-निळा रंग. काकांनी त्यांना भाव सांगितला तो ऐकून मी मनात म्हटलं, अगंबाई, लोकर एवढी महागली! मग माझी पाळी आली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडभर हसले आणि जवळजवळ निम्मा भाव सांगितला.

मी विचारलं, “काका, कमी लावलात का?”

“तुम्हाला मी कधी जास्त लावलाय?” असं उलट त्यांनीच विचारलं, आणि तेही इतक्या मायेने की मी पिशवी उचलून घरी आले.

घरी आल्यापासून ती पिशवी माझ्याकडे बघतेय. लेकाला रविवारी फोनवर सांगितलं तर म्हणाला, “आई, जुनं गिऱ्हाईक म्हणून सूट दिली असेल, सोड ना.” त्याचं सगळं ‘सोड ना’वर भागतं, ते तुला सांगायला नको. तू असतीस तर दारातूनच मागे फिरली असतीस. दोन लिंबं जास्त आली म्हणून भर रहदारीत स्कूटर वळवलेली बाई तू. मागे मी बसले होते जीव मुठीत धरून, आणि त्या लिंबवालीने तर तुला वेड्यात काढलं होतं.

मला सांग, ही सूट आहे की चूक? आणि चूक असेल तर काय करू?

गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझी
(पुढचं तू ठरव)

२७ जानेवारी

घाईबाईस,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्याकडे थंडी फार आहे असं ऐकलं, शाई गोठली असेल.

ती सूट नव्हती, चूकच होती. शेजारणीला सहज विचारलं तर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आम्हालासुद्धा स्वस्तात देतात. तू उगाच कुठे बोलू नकोस हं.” म्हणजे जेवढी जुनी गिऱ्हाइकं तेवढी सगळी मूग गिळून बसली आहेत. नव्यांना काका आजचा भाव सांगतात, अगदी बिनचूक. ओळखीचा चेहरा दिसला की मात्र तो चेहरा त्यांना ज्या काळातला वाटतो, त्या काळातला भाव त्यांच्या तोंडी येतो. मला ते सांगतात तो भाव तू आणि मी स्कूटरवरून जायचो तेव्हाचा आहे. घरी येऊन आठवून आठवून बघितलं. तोच.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. त्या दिवशी काकांनी भाव सांगितल्यावर आणखी एक विचारलं होतं. “सूनबाई स्कूटर लावतायत का?” आणि मी म्हटलं, “हो, लावतेय.”

कसं म्हटलं कोण जाणे. जिभेवर आधीपासून तयार होतं. काका म्हणाले, “येऊ देत सावकाश,” आणि काउंटरखालून ते दुसरं स्टूल ओढून माझ्या स्टुलाशेजारी ठेवलं. तू त्यावर बसून बटणांचे डबे उपसायचीस, तेच. मग मी बसले, काका इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि माझ्या शेजारी ते स्टूल. तू लोकरीचा रंग बघायला गुंडा दारात उजेडाशी नेलायस आणि आत्ता येशील, असं मला वाटत राहिलं. बरं वाटत होतं गं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

म्हणून काल पुन्हा गेले. बटणं हवी होती हे कारण. बटणांशिवाय माझं काही अडलं नव्हतं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा स्टूल.

आता तूच सांग, यांना मी भाव चुकला म्हणून कसं सांगू? भाव चुकला म्हटलं की ते दिवस गेले हे सांगावं लागणार. ते दिवस गेले म्हटलं की सूनही गेली हे सांगावं लागणार. आणि त्यांचं वेगळंच संकट आहे. कामावरच्या ताई बटणं काढताना मला हळूच म्हणाल्या, “बाबांच्या हातून चुका होतायत असं कळलं तर घरी बसवीन, असं त्यांची मुलगी म्हणून बसलीय.” मुलगी वाईट नाही. दिवसभर नोकरी करते, संध्याकाळी गल्ला मोजते, तिला काळजी वाटते. पण काकांना घरात कोंडलं तर ते काय करतील? त्या खुर्चीतून त्यांना गल्ली दिसते, माणसं दिसतात. घरी फक्त भिंत आहे.

तेव्हा मी एक युक्ती केली. कमी दिलेले पैसे, लोकरीचे आणि अंदाजाने बटणांचेही, घडी करून पिशवीत घेऊनच गेले होते. ताईंची पाठ वळल्यावर ते हिरव्या कोटाच्या बटणांच्या डब्यात तळाशी सरकवले. तो डबा कुणी उघडत नाही, हिरवे कोट घालतंय कोण! कधीतरी सापडतील, दुकानाचे पैसे दुकानात. कुणाला लागलं नाही, कुणाला दुखलं नाही. मला माझंच कौतुक वाटलं. घरी येताना गुडघासुद्धा दुखला नाही.

तू नाक मुरडते आहेस ते इथून दिसतंय.

लोकरवाली

१४ फेब्रुवारी

घाईबाईस,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. वर काहीच लिहिलं नाहीस, ना ‘आई’ ना ‘काकू’. हुशार आहेस. खाली साडेतीन ओळी. त्या मी इतक्या वेळा वाचल्या की आता पाठ आहेत: “पैसे डब्यात लपवू नका, ते भलत्याच माणसाच्या गळ्यात येतील. परत करा. पण त्यांच्या मुलीला सांगू नका, त्यांना स्वतःला सांगा. आणि गुडघ्याला तेल लावता की नाही?”

लावते.

बाकी तुझं पत्र उशिरा आलं. सकाळीच तसं झालंय.

मी पुन्हा दुकानात गेले होते. यावेळी खरंच एक गुंडा कमी पडला होता, एका बाहीपुरता. ताई कोपऱ्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. काका खुर्चीत डुलकी घेत होते. मी विचारलं तेव्हा ताईंनी सांगितलं. मुलीने रजा काढून माल मोजला. माल गेलाय तेवढे पैसे गल्ल्यात नाहीत, बरीच तूट आहे. आणि मोजता मोजता हिरव्या बटणांच्या डब्यात घडी केलेल्या नोटा मिळाल्या. डब्यांची झाडपूस ताईंशिवाय कुणी करत नाही. मग काय, गल्ल्यातून काढून तिथे दडवायचं आणि सवडीने घरी न्यायचं, असा अर्थ मुलीने लावला. कुणीही लावला असता. आरडाओरडा केला नाही तिने. उद्यापासून येऊ नका, सकाळी येऊन तुमच्या वस्तू घेऊन जा, एवढंच म्हणाली.

सांगायचं तर आत्ता, या क्षणी, असं वाटत होतं आणि तोंड उघडेना. काका जागे झाले, मला पाहून हसले आणि काउंटरखालचं स्टूल ओढायला वाकले. मी गुंडा न घेताच बाहेर पडले.

मला वाटलं होतं मी कुणाला दुखवत नाही. मी फक्त मला दुखू नये एवढं बघत होते. त्या दहा मिनिटांसाठी, तुझ्या त्या स्टुलासाठी, मी एका कष्टाळू बाईच्या अंगावर चोरीचा आळ आणला. ताईंच्या घरात त्यांच्याशिवाय मिळवतं कुणी नाही.

उद्या सकाळी दुकान उघडतानाच जाणार आहे. मुलगी असेल, ताई असतील, काका असतील. तिघांसमोर बोलावं लागणार. मुलीला सांगितलं की ताई सुटतील आणि काका अडकतील. तू म्हणतेस त्यांना स्वतःला सांगा. तू जवळ असतीस तर तुलाच पुढे केलं असतं आणि मी मागे स्कूटर धरून उभी राहिले असते. मला ती चालवता येत नाही हा भाग वेगळा.

भित्री

१५ फेब्रुवारी

घाईबाईस,

सांगून आले.

दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. ताई खणातून आपल्या वस्तू काढत होत्या, चष्मा, कप, एक जुनी शाल. मुलगी काउंटरशी उभी. मला बघून म्हणाली, “काकू, आज जरा उशिराने येता का?” तिच्या तोंडी ‘काकू’ किती बरा वाटतो बघ. तुझ्याच तोंडी टोचतो.

मी म्हटलं, “त्या हिरव्या बटणांच्या डब्यातले पैसे माझे आहेत.”

“तुमचे? डब्यात?”

“मीच ठेवले. या ताईंचा त्यात काडीचा संबंध नाही.”

“पण कशासाठी?”

तो ‘कशासाठी’ येणार हे मला ठाऊक होतं. रात्रभर उत्तर जुळवलं होतं, ते सगळं विसरले. तुझी ओळ तेवढी आठवली. मग मी मुलीकडे पाठ केली, माझं स्टूल काकांच्या खुर्चीसमोर घेतलं आणि बसले.

“काका, तुम्ही मला लोकर जुन्या भावाने देताय.”

“जुना कसला? हाच तर भाव आहे.”

“नाही काका. तो केव्हाच गेला. आता त्याच्या दुप्पट झालाय. माझ्या पुढच्या बाईंना तुम्हीच बरोबर सांगितलात, आणि मला मात्र मागचा.”

काका हसायला गेले आणि थांबले. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली आणि तशीच हळूच हलवली. घाईबाई, त्यांना सगळं माहीत होतं! रोज पैसे त्याच घेतात, त्यांना कळणार नाही तर कुणाला? काल चोरीचा आळ आला तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मुलगी म्हणाली, “अहो, मग मला का नाही सांगितलंत?” तर म्हणाल्या, “मला दुसरीकडे काम मिळालं असतं. त्यांना दुसरी खुर्ची कुठे मिळाली असती?”

मुलगी मटकन बसली. बसायला काही नव्हतं, लोकरीच्या गठ्ठ्यावरच बसली.

काकांनी विचारलं, “सगळ्यांनाच असं सांगतो मी?”

“ओळखीच्यांना,” ताई म्हणाल्या.

“आणि कुणी काही बोललं नाही?”

मला शेजारीण आठवली, आणि तिच्यापेक्षा मी फारशी वेगळी नाही हेही आठवलं.

“चेहरा दिसला की भाव तोंडात येतो हो,” काका म्हणाले. “मी शोधत नाही, आपोआप येतो. कुठेतरी काहीतरी चुकतंय असं मलाही वाटायचं. पण गिऱ्हाईक हसत हसत पैसे देऊन जायचं, मग म्हणायचो, बरोबरच असेल.” ते रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते, पण रागावले नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग सूनबाई? त्या स्कूटर लावतायत ना? की तेही...”

बघ, मी भावाचं सांगून सुटले असं समजत होते.

“नाही काका,” मी म्हटलं. “स्कूटर लावायला कुणी गेलेलं नाही. तिचं आणि माझ्या मुलाचं पटलं नाही. दोन वर्षं झाली. ती लांब राहते आता. तुम्ही विचारलंत की मला बरं वाटायचं, म्हणून हो म्हणत होते.”

बोलले आणि रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर बोलले असेन हे. लेकासमोर बोलायची सोय नाही, तो ‘सोड ना’ म्हणतो. मुलीने पाणी आणून दिलं. काकांनी काउंटरखाली हात घातला, तुझं स्टूल निम्मं बाहेर काढलं आणि तिथेच धरून राहिले.

“हे आत ठेवू की असू दे?” त्यांनी विचारलं.

“असू दे,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाले, आणि ओढून माझ्या शेजारी ठेवलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलीने ताईंचा चष्मा, कप आणि शाल स्वतःच्या हाताने परत खणात ठेवली आणि “चुकले मी” असं स्पष्ट म्हणाली. पुटपुटली नाही, हे मला आवडलं. मग ती बाबांच्या खुर्चीशी खाली बसली आणि दोघं हळू आवाजात बोलली, ते मी ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, पण ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की तिने त्यांचा हात धरला होता. काकांना घरी बसवायचं नाही असं ठरलंय. त्यांना महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे न्यायचं आणि प्रत्येक गुंड्याला, प्रत्येक डब्याला भावाची चिठ्ठी लावायची. आज दिवसभर ताई चिठ्ठ्या चिकटवत होत्या आणि मी गोंद लावून देत होते. अजून बोटं चिकटतायत, म्हणून अक्षर असं आलंय.

निघताना मी तो राहिलेला गुंडा मागितला. काकांनी तो हातात घेतला, माझा चेहरा बघितला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग डोळे मिटून घेतले, गुंडा फिरवला आणि चिठ्ठी अगदी नाकाशी धरून वाचली. “बाप रे!” म्हणाले. “तुम्हाला परवडेल का?”

परवडला. मागचं सगळं फिटलं, आता दुकानाचं माझ्याकडे काही येणं नाही आणि माझं दुकानाकडे काही राहिलेलं नाही.

आता तू विचारलं नाहीस तरी सांगते की लोकर कुणासाठी होती. तुझ्याकडे थंडी असते, आणि तुला घाईत गरम कपडे घ्यायचं सुचत नाही. बाही झाली की पाठवते. गळा मोठा ठेवलाय, घाईघाईत डोक्यावरून चढवताना अडकू नये म्हणून. हे तुला आधीच्या सुनेची आठवण म्हणून पाठवत नाहीये, नीट ऐक. जुन्या भावाने घेतलेली लोकर होती, पण तिचे आजचे पैसे भरून आलेय मी. तेव्हा हा स्वेटर आजचा आहे.

स्टूल तिथेच आहे. काकांनी मग सूनबाईंबद्दल पुन्हा विचारलं नाही, पण दुपारी एका गिऱ्हाइकाने त्यावर पिशवी ठेवली तर “तिथे नको” म्हणाले. स्कूटर लावायला मात्र आता समोर जागा नाही, तेव्हा बसने ये.

खाली काय लिहायचं ते तू ठरवायचं होतंस. तू ठरवलं नाहीस, म्हणून मी लिहितेय. हे तुझ्या पदरात चुकून जास्तीचं पडलंय असं वाटलं, तर परत करायला तुला स्वतःला यावं लागेल. पोस्टाने मी घेणार नाही. आणि जास्तीचं पडलेलं परत केल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला तुझ्यामागे स्कूटरवर बसून चांगलं माहीत झालंय.

तुझी
आई